वाचावे, पण पारखून

(शब्बाथशाळेचे शिक्षक व कौटुंबिक उपासना यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १७:१०-१२ व १७:१६-३४; १ थेस्सलनीकाकरांस ५:२१; २ तीमथ्य ४:९-२१.



तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस पौलाने काही अगदी घरगुती निरोप दिले आहेत. तो बंदिवासात आहे, आपला शेवट जवळ आला हे त्याला ठाऊक आहे, आणि हिवाळाही तोंडावर आहे. अशा वेळी तो तीमथ्याकडे काय मागतो? मार्काला बरोबर आण, त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा आण, आणि पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे. सोबतीला माणूस, अंगाला ऊब आणि वाचायला पुस्तके! ज्याने स्वतः पवित्र शास्त्राचा मोठा भाग लिहिला, त्यालाही मरणाच्या दारात पुस्तके हवी होती. मग आपल्याला वाचनाची गरज नाही असे कोण म्हणेल?

ख्रिस्ती वाचनाची ही आवड आपल्या मराठी मंडळ्यांना परकी नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. १८११ साली श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली मराठी नवा करार छापून निघाला. १८४२ साली अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. बाबा पदमनजी तर आपल्या बेळगावचेच. १८३१ साली त्यांचा जन्म तेथे झाला, १८५४ साली बाप्तिस्माही तेथेच झाला, आणि १८५७ साली त्यांनी विधवांच्या दुःखावर ‘यमुनापर्यटन’ लिहिले. तेव्हा मराठी ख्रिस्ती माणूस म्हणजे वाचणारा माणूस, अशी आपली जुनी ओळख आहे.

परंतु आज आम्हाला नुसते ‘वाचा’ एवढेच सांगायचे नाही. त्याचे कारण आमच्याच मंडळीत घडलेली एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना आम्हाला लाज वाटते.

आमची चूक

काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमच्या मंडळीतील एका भगिनीला क्षय झाला. तिला औषधे सुरू झाली. दोन महिन्यांत खोकला थांबला, अन्न गोड लागू लागले, वजनही थोडे वाढले. त्याच सुमारास देवळाच्या मागच्या दाराजवळ जे पुस्तकांचे टेबल असते, तेथून तिने एक लहानशी पुस्तिका नेली. एका मनुष्याने आपल्या बरे होण्याची साक्ष त्यात लिहिली होती. ज्या दिवशी मी गोळ्या फेकून दिल्या त्याच दिवशी माझा विश्वास खरा ठरला, अशा आशयाची ती साक्ष होती. भगिनीने ती दोनदा वाचली, प्रार्थना केली आणि गोळ्या बंद केल्या. घरात कोणाला सांगितलेही नाही.

तीन-चार महिन्यांनी खोकला परत आला आणि रक्त पडू लागले. तपासणीत असे आढळले की आता तिच्या अंगातील जंतू पहिल्या औषधांना दाद देत नाहीत. सहा महिन्यांत संपले असते ते दुखणे जवळजवळ दोन वर्षे लांबले. देवाच्या कृपेने ती वाचली, पण पहिली ताकद काही परत आली नाही.

आम्ही भेटीला गेलो तेव्हा हळूच विचारले, “बाई, गोळ्या का हो सोडल्यात?” ती म्हणाली, “गुरुजी, पुस्तक देवळातल्या टेबलावर होतं की. मला वाटलं, तुम्ही वाचूनच ठेवलं असणार.”

आम्ही ते वाचले नव्हते. कोणीतरी एक गठ्ठा आणून दिला, वर येशूचे नाव होते, किंमत काही नव्हती, म्हणून आम्ही तो टेबलावर मांडला. वडीलमंडळापैकी एकानेही ती तीस पाने उलगडून पाहिली नव्हती. भगिनीने मंडळीवर विश्वास ठेवला, आणि मंडळीने तिच्यासाठी अर्धा तास खर्च केला नाही.

तेव्हापासून एक गोष्ट आमच्या मनात पक्की बसली आहे. पुस्तकाच्या वेष्टनावर क्रूस आहे एवढ्याने ते खरे ठरत नाही. ते पारखावे लागते, आणि पारखणे हे अविश्वासाचे नव्हे, तर प्रीतीचे काम आहे.

बिरुयातील लोकांचा नमुना

पौल व सीला थेस्सलनीकातून रातोरात निघून बिरुयास आले. तेथील यहूदी लोकांची लूक मोठी वाखाणणी करतो. त्यांनी वचन मोठ्या उत्सुकतेने स्वीकारले, आणि सांगितलेले तसेच आहे की काय हे पाहण्यासाठी ते दररोज शास्त्रात शोध करीत राहिले. या दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत, हे ध्यानात घ्या. उत्सुकता आहे पण शोध नाही, तर मनुष्य कोणाच्याही मागे जातो. शोध आहे पण उत्सुकता नाही, तर तो केवळ दोष काढणारा होतो.

दुसरे असे की, ज्याची परीक्षा झाली तो साधासुधा उपदेशक नव्हता. तो प्रेषित पौल होता. तरी त्याला राग आला असे कोठेही लिहिलेले नाही. मग आजच्या कोणत्याही लेखकाला, मग तो आपला असो की परदेशचा, ‘आम्हाला तपासू नका’ असे म्हणण्याचा अधिकार नाही. हा लेख लिहिणाऱ्या आम्हालाही नाही.

आणि शेवट पाहा. तपासल्यामुळे त्यांचा विश्वास नाहीसा झाला काय? उलट, त्यांच्यातील पुष्कळांनी विश्वास ठेवला, असे बाराव्या वचनात आहे.

आता आपल्या घरात व देवळात येणाऱ्या ख्रिस्ती पुस्तकांचे तीन प्रकार घेऊन ही पारख कशी करावी ते पाहू.

पहिला प्रकार : पवित्र शास्त्र समजावून सांगणारी पुस्तके

एकट्याने शास्त्र वाचून सारे कळते, असे शास्त्र स्वतःच म्हणत नाही. कूशी षंढ रथात बसून यशयाचे पुस्तक मोठ्याने वाचत होता. वाचलेले समजते काय, असे फिलिप्पाने विचारताच, कोणी वाट दाखविल्यावाचून कसे समजेल, असे त्याने मोकळेपणाने कबूल केले (प्रे. कृत्ये ८:२६-४०). नहेम्याच्या काळीही नियमशास्त्र वाचून त्याचा अर्थ लोकांना उलगडून सांगण्यात आला (नहेम्या ८:८). चांगली टीका, चांगला शब्दकोश, चांगला नकाशा ही आजच्या फिलिप्पाची जागा घेतात.

आपल्या मंडळ्यांत ही गरज विशेष आहे. बेळगावात मुले शाळेत कानडी शिकतात, इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदी, बडोद्यास गुजराती, हैदराबादेस तेलुगू, आणि सगळीकडे इंग्रजी. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला देवळातील मराठी शास्त्र वाचताना अडखळायला होते, यात त्याचा दोष नाही. अशा वेळी दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचणे फार उपयोगी पडते. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटली वर्षे यासाठीच वेचली. साध्या बायाबापड्यांनाही समजावे म्हणून त्यांनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या आणि १९२४ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

परंतु वाट दाखविणारा वेगळा आणि वाट वेगळी. येथे तीन गोष्टी सांभाळाव्यात.

एक, शास्त्राचा मजकूर आणि माणसांनी त्यात घातलेली मदत यांत फरक करावा. वरचे मथळे, समासातील टिपा, अध्यायांचे व वचनांचे आकडे ही सारी नंतरची सोय आहे. आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले. नव्या करारातील वचनांचे आकडे रोबेर एस्तियेन या मुद्रकाने १५५१ साली घातले. म्हणून अध्याय संपला तेथे लेखकाचा विचार संपलाच असे समजू नये.

दोन, लेखक जे वचन आधाराला देतो, त्याच्या मागची-पुढची निदान दहा वचने उघडून वाचावीत. फिलिप्पैकरांस ४:१३ हे वचन पाहा. परीक्षेत पहिला नंबर येण्यासाठी किंवा धंद्यात बरकत होण्यासाठी ते पुष्कळ पुस्तकांत दिलेले असते. पण अकरावे व बारावे वचन वाचा. पौल तेथे भूक आणि तृप्ती, विपुलता आणि टंचाई या दोहोंत समाधानी राहण्याविषयी बोलत आहे. पहिला नंबर न आला तरी ख्रिस्तामध्ये उभे राहण्याचे सामर्थ्य, असा त्याचा रोख आहे. मूळ अर्थ सवंग अर्थापेक्षा किती मोठा आहे!

तीन, जेथे प्रभूने मौन ठेवले तेथे लेखक बोलू लागला की सावध व्हावे. प्रभूच्या पुनरागमनाची तारीख सांगणारी पुस्तके दर पिढीत निघतात. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. तो दिवस आला आणि गेला. पुष्कळ प्रामाणिक माणसे मनाने खचली. मार्क १३:३२ जर त्यांनी सरळ मनाने वाचले असते, तर हे दुःख टळले असते.

दुसरा प्रकार : इतर धर्मांविषयीची पुस्तके

आपण ज्या गावात राहतो तेथे आपले शेजारी हिंदू आहेत, मुसलमान आहेत, जैन आहेत, लिंगायत आहेत, बौद्ध आहेत. त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक असते त्यातले पुष्कळसे ऐकीव असते. म्हणून या विषयावरची ख्रिस्ती पुस्तके वाचणे चांगले. पण येथे चूक झाली तर तिचा भार दुसऱ्यावर पडतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, अशी आज्ञा आहे (निर्गम २०:१६). ती न्यायालयापुरती नाही. छापलेल्या पानालाही ती लागू आहे.

अथेनैमध्ये पौल कसा वागला ते पाहा. नगर मूर्तींनी भरलेले पाहून त्याचा आत्मा आतल्या आत तळमळला. पण त्याने ती तळमळ शिव्याशापांत ओतली नाही. तो गावातून फिरला, त्यांच्या पूज्य वस्तू लक्षपूर्वक पाहिल्या, एका वेदीवरचा लेख वाचला, आणि बोलायला उभा राहिला तेव्हा त्यांच्याच कवींचा आधार घेतला. मात्र शेवटी येशूचे पुनरुत्थान सांगायला तो कचरला नाही, आणि त्यावरून काहींनी थट्टा केली तीही त्याने सोसली. आदराने पाहणे आणि निर्भयपणे साक्ष देणे ही एकाच माणसाची दोन कामे आहेत.

यावरून या प्रकारच्या पुस्तकाला एक सोपी कसोटी लावता येते. ज्या धर्माचे वर्णन पुस्तकात आहे, त्या धर्माचा आपला शेजारी ते पान वाचून ‘होय, आम्ही असेच मानतो’ असे म्हणेल काय? तो आपल्या निष्कर्षाशी सहमत झाला पाहिजे असे नाही. पण वर्णन त्याला ओळखू आले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. कुराणात येशूविषयी काहीच नाही, असे जर एखाद्या पुस्तकात असेल तर ते चूक आहे. कुराणात त्याला मरियमेचा पुत्र ईसा म्हटले आहे, त्याचा जन्म कुमारीपासून झाला असे सांगितले आहे, आणि एकोणिसाव्या सूऱ्याला मरियमेचेच नाव आहे. उलट, मुसलमान व आपण येशूविषयी एकच गोष्ट मानतो असे जर दुसऱ्या पुस्तकात असेल, तर तेही चूक आहे. मुसलमान त्याला संदेष्टा मानतात, देवाचा पुत्र मानत नाहीत, आणि त्याला वधस्तंभावर मारले गेले हेही मानत नाहीत. पहिले पुस्तक साम्य लपविते, दुसरे भेद लपविते. सत्य दोघेही सांगत नाहीत.

पुस्तक कोणत्या काळी लिहिले तेही पाहावे. मुंबईत १८३० नंतरच्या काळात डॉ. जॉन विल्सन आणि शास्त्रीपंडित यांच्यात मोठे वादविवाद झाले. दोन्ही बाजूंनी पुस्तके निघाली. ती वादाच्या उष्णतेत लिहिलेली आहेत. इतिहास म्हणून ती जरूर वाचावी, पण आजच्या शेजाऱ्याशी बोलण्याचा धडा म्हणून घेऊ नयेत. पुढे त्याच मिशनरी परंपरेत दुसरी रीतही रुजली. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या संतांची चरित्रे व काव्ये इंग्रजीत आणली. बहिणाबाईंचे त्यांचे पुस्तक १९२९ साली निघाले. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाची ख्रिस्तनिष्ठा तुकोबांवरच्या प्रेमामुळे रतिभरही कमी झाली नाही.

आणखी एक गोष्ट. इफिसात ज्यांनी जादूटोण्याची पुस्तके जाळली (प्रे. कृत्ये १९:१९), त्यांनी स्वतःची पुस्तके जाळली, शेजाऱ्यांची नव्हेत. पन्नास हजार रुप्याच्या नाण्यांचे नुकसान त्यांनी आपल्या खिशातून सोसले. ही गोष्ट वर्गात शिकविताना हा भेद मुलांना आवर्जून सांगावा.

तिसरा प्रकार : आरोग्याविषयीची पुस्तके

आता आमच्या त्या भगिनीकडे परत येऊ. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे (१ करिंथ ६:१९-२०), म्हणून आरोग्य हा ख्रिस्ती माणसाच्या वाचनाचा विषय आहेच. पण याच प्रकारात चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

देव प्रार्थना ऐकून बरे करतो, हे आम्ही मनापासून मानतो. मंडळीच्या वडिलांनी आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी, असे याकोबाने सांगितले आहे (याकोब ५:१४). पण प्रार्थना एका बाजूला आणि औषध दुसऱ्या बाजूला, असे भांडण शास्त्रात कोठे आहे? हिज्कीयाने अश्रू ढाळून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि यशयाने गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले (२ राजे २०:१-७). चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. पौलाने तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर साधा घरगुती उपाय सुचविला (१ तीमथ्य ५:२३). पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४), आणि तो ख्रिस्ती झाल्यावर त्याने वैद्यकी पाप म्हणून टाकली असे कोठेही लिहिलेले नाही.

विश्वास कमी म्हणून आजार बरा होत नाही, असे जे पुस्तक सांगते, त्याला आम्ही ज्या पत्रापासून सुरुवात केली त्याच पत्रातले एक वचन दाखवावे. २ तीमथ्य ४:२० मध्ये पौल लिहितो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून यावे लागले. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेले तरी रोगी बरे होत, त्या पौलाचा मित्र आजारी राहिला! पौल ना त्रफिमाला दोष देतो, ना स्वतःला. एपफ्रदीतही मरणाच्या दारी गेला होता, आणि पौलाने त्याचा सन्मान करायला सांगितले (फिलिप्पै २:२५-३०).

शास्त्रातील शब्द आणि आजच्या रोगाचे नाव यांची गल्लत झाली की केवढा अन्याय होतो, याचे मोठे उदाहरण म्हणजे कुष्ठरोग. लेवीय १३ व १४ या अध्यायांत ज्या चट्ट्याचे वर्णन आहे, तो अंगावर तर येतोच, पण कापडावर आणि घराच्या भिंतीवरही येतो. तेव्हा तेथील इब्री शब्दात त्वचेचे निरनिराळे विकार आणि बुरशी या साऱ्यांचा समावेश होतो हे उघड आहे. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो जंतूंमुळे होतो. ते जंतू नॉर्वेचे डॉ. हान्सेन यांनी १८७३ साली शोधले. १९८२ सालापासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली, तिने रोग पूर्ण बरा होतो, आणि उपचार सुरू होताच थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याचे थांबते. तरीही कुष्ठरोग म्हणजे पापाची शिक्षा असे लिहिणारी पुस्तके दिसतात. प्रभूने तर त्या माणसाला हात लावला (मार्क १:४१). आणि जन्मांधाविषयी शिष्यांनी कोणाचे पाप असे विचारले तेव्हा, याचेही नव्हे व याच्या आईबापांचेही नव्हे, असे उत्तर दिले (योहान ९:१-३).

दानीएलाने दहा दिवस शाकान्न व पाणी घेतले, या गोष्टीवरूनही आहाराची अनेक पुस्तके लिहिली गेली आहेत. शाकाहार चांगला असू शकतो. पण त्या अध्यायाचा विषय आहार नसून निष्ठा आहे. परक्या राजाच्या मेजावर बसूनही आपण कोणाचे आहोत हे न विसरणे, हे दानीएलाचे पथ्य.

यावर कोणी म्हणेल, मग आरोग्याची ख्रिस्ती पुस्तके वाचूच नयेत काय? जरूर वाचावीत. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीच्या एलन व्हाइट यांचे ‘द मिनिस्ट्री ऑफ हीलिंग’ हे पुस्तक १९०५ सालचे आहे. शब्बाथाच्या दिवसाविषयी आपले व त्यांचे मत जुळत नाही. पण दारू व तंबाखू सोडा, मोकळी हवा घ्या, साधे अन्न खा, हा त्यांचा उपदेश आजही खरा आहे. चांगले ते धरावे, हा पौलाचा नियम आपल्या मंडळीच्या कुंपणाबाहेरही चालतो. तरी शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक हे आजच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची जागा घेऊ शकत नाही, हे विसरू नये.

येथे एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे कित्येक भगिनी अजून मशेरी लावतात, तरुण मुले गुटखा खातात. त्याविरुद्ध लिहिणे सोपे आहे. पण निपाणीच्या बाजूला तंबाखू व विडीच्या कामावर चुली पेटतात. व्यसनाला वाईट म्हणताना त्या कष्टकरी बायकांना आपण वाईट ठरवीत नाही ना, हे पुस्तकातही पाहावे आणि आपल्या तोंडातही पाहावे.

आरोग्याचे खरे ख्रिस्ती शिक्षण कसे असते, हे पाहायला दूर जायला नको. बेळगावाहून जवळच्या मिरजेस डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. आणि १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. त्यांनी खेड्यातील साध्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पाणी कसे राखावे, बाळाला काय भरवावे, लस का टोचावी, रोग कसा पसरतो, हे त्या बायकांनी गावाला शिकविले. ज्या ज्ञानाने दुबळ्याचे भय जाते आणि त्याला आपल्या पायावर उभे राहता येते, ते ज्ञान प्रभूच्या मनाला धरून आहे. ज्या पुस्तकाने भय आणि अपराधाची भावना वाढते, त्याविषयी शंका घ्यावी.

मंडळीने काय करावे

आमच्या मंडळीने त्या घटनेनंतर एक साधी रीत घातली. ती आपणांसही उपयोगी पडेल म्हणून देत आहोत.

१. टेबलावर जाण्याआधी प्रत्येक पुस्तक वा पत्रक निदान दोघांनी पूर्ण वाचावे. त्यांत एक भगिनी असावी. वाचणाऱ्यांनी वहीत आपले नाव लिहावे, म्हणजे जबाबदारी कोणाची हे कळते.

२. आरोग्याचे पुस्तक असल्यास मंडळीतील किंवा ओळखीतील डॉक्टर अथवा परिचारिका यांना दाखवावे. डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करा, असे ज्यात असेल ते पुस्तक ठेवू नये. मग त्यात कितीही वचने असोत.

३. इतर धर्माविषयीचे पुस्तक असल्यास स्वतःला विचारावे : माझ्या शेजाऱ्याच्या हातात हे देताना मला लाज वाटेल काय? वाटत असेल, तर ते माझ्या मुलाच्या हातातही देऊ नये.

४. लेखक कोण, पुस्तक कोठे व कोणत्या साली छापले, आणि शेवटल्या पानावर काही विकत घ्यायला किंवा पैसे पाठवायला सांगितले आहे काय, हे आधी पाहावे.

५. हेच नियम मोबाइलवर येणाऱ्या मजकुराला लावावेत. तो पुढे पाठविणे म्हणजेही टेबलावर मांडणेच होय.

पण एक सावधगिरी घ्यावी. पारख करण्याच्या नादात टेबल रिकामे होऊ नये. पंडिता रमाबाई सिलचरला असताना त्यांच्या घरातल्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका त्यांना सापडली. ती तेथे कशी आली हे त्यांना कधी कळले नाही. त्यांनी ती आवडीने वाचली, आणि प्रभूने त्यांना आपल्याकडे नेण्यास जो मार्ग केला त्यातले ते एक पाऊल ठरले. एका लहान पुस्तिकेने आमच्या भगिनीचे आरोग्य गेले. दुसऱ्या लहान पुस्तिकेने रमाबाईंना प्रभूची ओळख झाली. पुस्तक ही इतकी सामर्थ्याची वस्तू आहे. म्हणूनच ते ठेवावे, वाचावे, द्यावे, पण पारखून.

शिक्षकांसाठी सूचना

मोठ्या मुलांच्या वर्गात दोन निरनिराळी ख्रिस्ती पत्रके घेऊन जावे. वर्गाचे दोन गट करावेत. प्रत्येक गटाने आपल्या पत्रकातील सर्व वचने शास्त्रातून काढून, मागच्या-पुढच्या वचनांसह वाचावीत, आणि लेखकाने त्यांचा योग्य उपयोग केला आहे काय ते सांगावे. मुलांनी चूक काढली तर त्यांना उद्धट म्हणू नये. ती बिरुयाच्या वाटेवर आहेत. मात्र प्रत्येक गटाने त्या पत्रकातील एक चांगली गोष्टही सांगितलीच पाहिजे.

चर्चेसाठी प्रश्न

१. बिरुयातील लोकांनी पौलाची परीक्षा केली, तरी लूक त्यांना थोर का म्हणतो?

२. पौलाने अथेनैमध्ये बोलण्यापूर्वी काय काय केले? आपल्या गावात त्याच रीतीने आपण काय करू शकतो?

३. त्रफिम आजारी राहिला, ही गोष्ट शास्त्रात लिहून ठेवली आहे. ती आजारी माणसाला धीर देते काय? कसा?

४. आपल्या घरातील एक ख्रिस्ती पुस्तक निवडा. ते वाचून शेजाऱ्यावरचे तुमचे प्रेम वाढले की कमी झाले?

प्रार्थना

हे प्रभो, नासरेथच्या सभास्थानात तू स्वतः उभा राहून ग्रंथ वाचलास. आम्हांलाही वाचनाची आवड दे. जे खरे ते ओळखण्याची बुद्धी दे, जे खोटे ते बाजूला ठेवण्याचे धैर्य दे. आमच्या हातून दिलेल्या एकाही पानामुळे तुझ्या लेकरांपैकी कोणाला इजा होऊ नये. ज्यांना आमच्या हयगयीमुळे सोसावे लागले त्यांना तू सांभाळ, आणि आम्हांला क्षमा कर. आमेन.